पदवीपूर्व वैद्यकीय विद्यार्थी आणि संशोधनाची संधी



समाजातील एखाद्या मुलास वा मुलीस एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला की घरोघरी पेढे वाटले जातात. पुढे कोणत्या शाखेत एम.डी. करावे, दवाखाना कोठे थाटावा, याची चर्चाही त्याच दिवशी सुरू होते. परंतु साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याने स्वतः एखादा प्रश्न हाती घेऊन त्याचे उत्तर तपासले काय, असे विचारणारा पालक विरळाच.

विद्यार्थिदशेत संशोधन होत नाही, हा समज इतिहासाला धरून नाही. पॉल लँगरहॅन्स हा बर्लिन येथील वैद्यकाचा विद्यार्थी. १८६९ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने स्वादुपिंडावर प्रबंध सादर केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यास भोवतालच्या पेशींहून निराळ्या अशा पेशींचे लहान लहान पुंजके दिसले. त्यांचे कार्य काय, हे आपणास ठाऊक नाही, असे त्याने सरळ नमूद केले. एवढा प्रांजळपणा आजच्या प्रबंधांत शोधावा लागेल! १८८८ साली तो निवर्तला. १८९३ मध्ये या पुंजक्यांना त्याचे नाव मिळाले. त्यांतूनच इन्शुलिन स्रवते, हे पुढे सिद्ध झाले. १९२१ साली टोरांटो येथे डॉ. बँटिंग यांच्यासमवेत ते वेगळे काढण्यासाठी झटणारा चार्ल्स बेस्ट हाही २२ वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला तरुण होता. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मधुमेही मुलास ते प्रथम टोचण्यात आले. गादीवर बसून दिवस काढणाऱ्या व्यापारी वर्गास या औषधाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आपल्या देशातही ही वाट खुली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन शिष्यवृत्ती योजना सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली विषय मांडावयाचा, दोन महिने काम करावयाचे आणि अहवाल सादर करावयाचा, असे तिचे स्वरूप. यासाठी प्राण्यांवर प्रयोग करावेच लागतात, अशी शंका आपल्याकडे साहजिकच येते. तसे मुळीच नाही. मधुमेहाचे रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात, एवढा एक प्रश्न घेऊन शंभर रुग्णांशी त्यांच्या संमतीने बोलणे, हेही संशोधनच होय.

अडचण निराळीच आहे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची धास्ती एवढी की दोन महिने वाया जातील असे वाटते. उलट काही जण केवळ प्रमाणपत्रासाठी दुसऱ्याच्या निबंधात नाव घुसडतात. हा तर खोटे माप लावण्याचाच प्रकार. त्यापेक्षा संशोधन न केलेले बरे. जो विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करतो, त्यास ती किती कच्ची असू शकते हे कळते. पुढे औषध कंपनीचा प्रतिनिधी गुळगुळीत कागदावरचे आकडे दाखवू लागला की तो विचारतो, किती रुग्ण पाहिले, आणि मध्येच सोडून गेलेले कोठे मोजले? रुग्णाचे हित त्या प्रश्नात आहे.

पालकांना फार काही करावयाचे नाही. सुटीतले ते दोन महिने मुलास लग्नकार्ये वा दुकानासाठी अडवू नये. प्रश्नावल्यांची छपाई, खेडोपाडी जाण्याचा प्रवासखर्च, एवढा भार दात्यांनी उचलावा. महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीच्या संमतीस वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच त्याने अध्यापकांची भेट घ्यावी.