वनौषधींची वाफ आणि दुबळी फुफ्फुसे



छापील मजकुराचा अर्थ गुरुजींना किंवा बाईंना विचारावयाचा, ही खेड्यातील रीत अजून मोडलेली नाही. पूर्वी लोक टपालाने आलेले पत्र घेऊन येत. आता मोबाईलवरील जाहिरात दाखवितात. लेखणीएवढे विजेरी यंत्र, आत तुळस, पुदिना वा निलगिरीचा अर्क आणि वर आश्वासन : ‘तंबाखू नाही, निकोटिन नाही, सर्व काही नैसर्गिक.’ दम्याने बेजार झालेला पालक विचारतो, “गुरुजी, हे ओढल्याने छाती मोकळी होईल का?” ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाजवळ तयार असावयास हवे.

ह्या यंत्रात बॅटरीवर तापणारी तार असते. तिच्यालगत भिजलेल्या वातीतील द्रव तापून त्याचे धुके होते. लोक त्यास वाफ म्हणतात. परंतु पातेल्यातील पाण्याची ती वाफ नव्हे. ते द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार होत. अर्काबरोबर त्यात बहुधा ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल असतात. हे द्रव फार तापले म्हणजे त्यांपासून फॉर्मल्डिहाइड व ॲक्रोलीन ही दाहक द्रव्ये निर्माण होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची : पोटाला जे मानवते, ते फुफ्फुसाला मानवेलच असे नाही. पोटात गेलेल्या पदार्थावर पाचकरसांची व यकृताची प्रक्रिया होते. फुफ्फुसातील कोट्यवधी वायुकोशांच्या भिंती मात्र केसाहून कितीतरी पातळ असून त्या केवळ हवेसाठी घडल्या आहेत.

ह्याचा कटू अनुभव २०१९ साली अमेरिकेस आला. अशी यंत्रे ओढणारी धडधाकट तरुण माणसेही श्वास कोंडून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यांतील बहुतेकांनी गांजाच्या अर्काची यंत्रे ओढली होती. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतील द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट आढळले. अर्क दाट दिसावा म्हणून ते मिसळलेले असे. हेच द्रव्य खाण्याच्या गोळ्यांत व अंगास लावण्याच्या मलमांत सहसा अपाय करीत नाही.

निरोगी माणसांची ही गत, तर आजाऱ्याची काय होईल? दमेकऱ्याच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या व हळव्या असतात. उग्र वासाने किंवा तुषारांनी त्या एकाएकी आकसतात. जुनाट श्वासविकाराने वा क्षयाच्या व्रणांनी ज्यांची फुफ्फुसे क्षीण झाली आहेत, त्यांच्यापाशी श्वासाची शिल्लकच थोडी असते. पुदिन्याच्या सत्त्वाचा गारवा तर फसवा आहे. त्याने श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. नलिका मात्र रुंदावत नाहीत. आराम पडला असे समजून रोगी औषध टाळतो आणि विकार आत बळावत राहतो.

ह्यात वनस्पतींचा अधिक्षेप नाही. दम्यावर धोत्र्याची पाने ओढण्याची प्रथा आपल्या देशात जुनी होती. तिच्यात थोडा गुण होता. पण धुराचा दाह होता आणि विषबाधेचे भयही होते. पुढे धोत्र्यातील ॲट्रोपिनवरूनच शास्त्रज्ञांनी इप्राट्रोपियम हे श्वासाबरोबर घ्यावयाचे औषध सिद्ध केले. गुण पानात होता खरा. पण तो मोजून, शुद्ध करून व पारखून घ्यावा लागला.

कायद्याची बाजूही पालकांस सांगावी. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने द्रव तापवून तुषार ओढावयास देणाऱ्या विजेरी यंत्रांची विक्री, साठवण व जाहिरात बंद केली आहे. त्यात निकोटिन असो वा नसो. विक्रीच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर ह्याहून अगदी निराळा. त्यात काही तापत नाही व औषधाची मात्रा ठरलेली असते. ‘पंपाची सवय लागते’ ह्या गैरसमजापोटी इनहेलर टाकून अशा यंत्राकडे वळणे म्हणजे हातचा आधार सोडणे होय.

वर्गात एखाद्या मुलास धाप लागली, खांदे उडू लागले, वाक्य पुरे करता येईना, तर त्यास ताठ बसवावे. त्याचा इनहेलर सांगितल्याप्रमाणे द्यावा. उतार न पडल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरगुती धुरी अथवा वाफ देत बसू नये.

आणि पालक जाहिरात घेऊन आला, तर त्यास हसू नये. श्वास कोंडलेला माणूस मिळेल तो आधार शोधतो. त्याला शांतपणे सांगावे, “पाला झाडाचा असला, तरी वाट फुफ्फुसाची आहे,” आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा.