प्रकाशाची मात्रा
(त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

एलईडी प्रकाशोपचारात ठरावीक तरंगलांबीचा सौम्य प्रकाश काही मिनिटे त्वचेवर सोडला जातो. त्वचेला नवेपण देणारे लेसर तिला मुद्दाम सूक्ष्म इजा करतात आणि ती इजा भरून येताना नवी त्वचा घडते. एलईडीच्या प्रकाशाने त्वचा भाजत नाही, सोलली जात नाही. तो थेट पेशीच्या रसायनात बदल घडवतो. म्हणूनच या उपचाराला फोटोबायोमॉड्युलेशन, अर्थात प्रकाशाने जैविक क्रियांचे नियमन, हे नाव रूढ झाले आहे.

प्रकाश औषध म्हणून वापरण्याच्या आधुनिक परंपरेचा पाया कोपनहेगनच्या नील्स फिनसेन यांनी घातला. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बुडापेस्टचे एंद्रे मेस्टर यांनी १९६७ मध्ये, लेसरने कर्करोग होतो का हे तपासण्यासाठी, केस भादरलेल्या उंदरांवर सौम्य लाल लेसर सोडला. कर्करोग झाला नाही; उलट त्या जागी केस लवकर उगवले. पुढे नासाने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी एलईडी दिवे विकसित करवून घेतले आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतील हॅरी व्हेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच तंत्र जखमा भरून आणण्यासाठी अभ्यासले. महागड्या लेसरची जागा एलईडीने घेतल्यावर संपूर्ण चेहऱ्यावर एकाच वेळी उपचार करणे शक्य झाले.

प्रकाशाचा परिणाम होण्यासाठी पेशीतील एखाद्या रेणूने तो शोषून घ्यावा लागतो. लाल आणि निकट-अवरक्त प्रकाशासाठी हे काम मुख्यतः मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर करते, असे मानले जाते. पेशीवर ताण असताना नायट्रिक ऑक्साइड या विकराला चिकटून त्याचे काम मंदावते. प्रकाशाने हा बंध सुटतो, प्राणवायूचा वापर वाढतो आणि एटीपीची निर्मिती सुधारते. त्याच वेळी क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू अल्प प्रमाणात तयार होतात आणि केंद्रकातील जनुकांपर्यंत संदेश पोहोचतो. अंतस्त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी मग अधिक कोलॅजेन बनवू लागतात आणि कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांचे प्रमाण घटते. सुरकुत्या सौम्य होतात त्या या दुहेरी कारणाने.

तरंगलांबीनुसार प्रकाशाचे काम बदलते. सुमारे ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही. मुरुमांच्या जिवाणूंमधील पॉर्फिरिन तो शोषतात आणि त्यातून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन त्या जिवाणूंना मारतो. म्हणून निळा प्रकाश मुरुमांसाठी आहे, सुरकुत्यांसाठी नाही. ६३३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश अंतस्त्वचेपर्यंत पोहोचतो आणि ८३० नॅनोमीटरचा निकट-अवरक्त प्रकाश त्याहून खोल. त्वचेच्या पुनरुज्जीवनासाठी हीच जोडी सर्वाधिक वापरली जाते.

पुरावा आशादायक आहे, पण तो मर्यादेत वाचावा लागतो. दक्षिण कोरियातील २००७ च्या अभ्यासात ७६ जणांच्या अर्ध्या चेहऱ्यावर चार आठवडे, आठवड्यातून दोनदा प्रकाश देण्यात आला. सुरकुत्यांत कमाल ३६ टक्के घट आणि लवचिकतेत कमाल १९ टक्के वाढ नोंदली गेली. ऊतीच्या तपासणीतही कोलॅजेन वाढलेले दिसले. मात्र असे बहुतेक अभ्यास लहान आहेत, त्यांतील उपकरणे वेगवेगळी आहेत आणि पाठपुरावा थोडाच काळ झालेला आहे. सैल पडलेली त्वचा किंवा खोल घड्या या उपचाराने जात नाहीत.

या उपचाराचा गाभा मात्रेत आहे. प्रति चौरस सेंटिमीटर ५० मिलिवॅट तीव्रतेचा दिवा दहा मिनिटे लावला, तर त्वचेला प्रति चौरस सेंटिमीटर ३० ज्यूल ऊर्जा मिळते. तीव्रता पाचपट कमी असेल, तर तेवढ्याच वेळात सहाच ज्यूल मिळतात. घरगुती मास्क आणि दवाखान्यातील दिवा यांचा रंग सारखा दिसला, तरी त्यांचा परिणाम सारखा नसतो तो यामुळेच. मात्रा कमी पडली तर काहीच घडत नाही आणि फार वाढवली तर लाभ उलट घटतो. रोपाला पाणी घालताना हाच हिशेब असतो.

भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने हा हिशेब आणखी काटेकोर हवा. ४१५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने सावळ्या त्वचेवर टिकाऊ काळवंडलेपण येऊ शकते, म्हणून वांग असलेल्या रुग्णाला निळा प्रकाश देताना फार सावध राहावे. लाल प्रकाश तुलनेने सुरक्षित आहे. तरीही अमेरिकेतील २०२० च्या सुरक्षितता चाचण्यांत गोऱ्या गटाला प्रति चौरस सेंटिमीटर ४८० ज्यूलपर्यंत मात्रा सोसली, तर गडद वर्णाच्या गटांना ३२० ज्यूलपर्यंतच. नेहमीच्या उपचारातील मात्रा यापेक्षा पुष्कळ कमी असतात, पण वर्णानुसार सहनशक्ती बदलते हे त्यातून स्पष्ट होते.

डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधे, ल्युपस, पॉर्फिरिया आणि प्रकाशाने झटके येणारा अपस्मार यांची विचारपूस उपचाराआधी व्हायलाच हवी. डोळ्यांचे संरक्षणही अनिवार्य आहे. नेत्रसुरक्षेच्या शंकेमुळे २०१९ मध्ये मुरुमांसाठीचा एक घरगुती मास्क बाजारातून परत घेण्यात आला होता. अमेरिकी औषध प्रशासनाची ‘मंजुरी’ अशा उपकरणांवर मिरवली जाते. बहुतेकदा तिचा अर्थ एवढाच, की ते आधीच्या एखाद्या मान्य उपकरणाशी तुल्य आहे. आणि दिवसभर उन्हात सनस्क्रीनशिवाय हिंडणाऱ्याला संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या लाल प्रकाशाचा फारसा उपयोग नाही, कारण अतिनील किरणे कोलॅजेन तोडतच राहतात.

प्रकाश औषध आहे, तर त्याची मात्रा लिहिलीच पाहिजे. केसपेपरवर ‘एलईडी, सहा बैठका’ एवढीच नोंद पुरेशी नाही. तरंगलांबी, तीव्रता, वेळ, अंतर आणि एकूण ज्यूल यांची नोंद व्हावी, प्रत्येक रुग्णाची छायाचित्रे एकाच प्रकाशात घेतली जावीत आणि भारतीय त्वचेवरील चाचण्या भारतातच व्हाव्यात. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांकडे त्यासाठी रुग्णही आहेत आणि तज्ज्ञही. हे काम त्यांनी हाती घ्यावे.