वार्धक्य आणि स्नायूंतील पंप
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्धक्याचा विषय निघाला की आपण दृष्टी, दात आणि गुडघे यांविषयी बोलतो. स्नायूंचा विचार क्वचितच करतो. वयोवृद्ध माणूस सावकाश उठतो, रांगेत त्याचे पाऊल लवकर पुढे पडत नाही. पाहणारे म्हणतात, "आजोबांना आता उरक राहिला नाही." हा उरक कमी का होतो, याची काही कारणे विज्ञानाने शोधली आहेत. त्यांपैकी एकाची ओळख आज करून घेऊ.

स्नायूच्या प्रत्येक तंतूत सूक्ष्म पिशव्यांचे जाळे असते व त्यात कॅल्शियमचा साठा असतो. मज्जातंतूंमार्फत आज्ञा आली की साठ्याची दारे उघडतात, कॅल्शियम तंतूत पसरते आणि स्नायू आकुंचन पावतो. परंतु एवढ्याने काम पुरे होत नाही. स्नायू पुन्हा सैल व्हावयाचा तर ते कॅल्शियम साठ्यात परतले पाहिजे. साठ्यातील त्याचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असल्याने ते आपोआप परतत नाही. विहिरीचे पाणी उंच टाकीत चढवावे तसे चढवावे लागते. हे काम एक प्रथिन करते. ए.टी.पी. या इंधनाचा एक रेणू खर्चून हा पंप कॅल्शियमचे 2 आयन आत ओढतो. 2000 साली जपानचे शास्त्रज्ञ तोयोशिमा यांनी त्याची अणूंपर्यंतची रचना जगापुढे मांडली.

यंत्र म्हटले की झीज आलीच. प्राणवायूच्या साहाय्याने शरीर ऊर्जा निर्माण करते, त्याच व्यवहारात काही अतिक्रियाशील रेणूही तयार होतात. वार्धक्याची संगती अशा रेणूंशी लावणारा सिद्धान्त डेनहॅम हार्मन यांनी 1956 साली मांडला. 1999 साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण व वृद्ध उंदरांच्या स्नायूंतील पंप तपासले. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मंद स्नायूंतील पंपाची कार्यशक्ती वृद्धपणी 26 टक्क्यांनी घटलेली आढळली. त्या पंपाच्या टायरोसीन या घटकावर, गंज चढावा तसे, नायट्रो गट साचले होते. चपळ स्नायूंतील पंप मात्र कार्यक्षम राहिला होता.

याहून बोधप्रद गोष्ट अशी की, ऑक्सिडीभवनाच्या आणखी एका प्रकारच्या खुणा दोन्ही पंपांवर सापडल्या, पण त्यांनी कामात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. म्हणजे प्रत्येक डाग हा बिघाड नव्हे. म्हणूनच 'ऑक्सिडीभवन थांबवून तारुण्य परत देणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांवर ज्येष्ठांनी पैसा खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. तथापि वृद्ध माणसांचे स्नायूही सैल होण्यास अधिक वेळ घेतात, असे मापनांत दिसून आले आहे. स्नायूंचे आकारमान घटणे, मज्जातंतू क्षीण होणे ही कारणेही असतातच. तात्पर्य, वृद्धांची मंदगती हा आळस नव्हे.

मग उपाय काय? केवळ विश्रांती हा निश्चितच नव्हे. 1990 साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या 10 दुर्बल वृद्धांकडून 8 आठवडे पायांचा वजनी व्यायाम देखरेखीखाली करवून घेण्यात आला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. व्यायामाने पंपावरचा गंज उतरतो असा याचा अर्थ नाही. पण नव्वदीतही स्नायू प्रतिसाद देतो, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या हाती पुष्कळ आहे. पंचायतीच्या पायऱ्यांना कठडा लावता येईल, रांगेजवळ बाक ठेवता येईल, चालण्याचा रस्ता सपाट राखता येईल. शिक्षकांनी मुलांना हे समजावून सांगावे. घरातील माणसांनी आजी-आजोबांच्या हातचे प्रत्येक काम मायेपोटी काढून घेऊ नये; झेपेल तेवढे त्यांना करू द्यावे. थोडा अधिक वेळ लागेल, तो आपण त्यांना देऊ या.