पारखण्याचे माप कोणाच्या हाती?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा त्यापूर्वी व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होती. ती खरी वाटली, कारण तिच्यासाठी जमीन तयार होती. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली गेला, पण भटक्यांविषयीचा संशय गेला नाही. यंत्र नवे आणि पूर्वग्रह जुना, अशी ही युती आहे.

म्हणून ‘लोक अडाणी आहेत’ एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत बातम्यांवर एकंदर विश्वास असणाऱ्यांचे प्रमाण फिनलंडमध्ये ६९ टक्के, तर ग्रीसमध्ये अवघे २३ टक्के आढळले. ग्रीक जनता काही निरक्षर नाही. परंतु तेथील वृत्तमाध्यमांवर बड्या धनिकांची पकड आहे. आणि जून २०१३ मध्ये सरकारने सार्वजनिक प्रसारणसंस्था एका रात्रीत बंद केली, ती पुन्हा सुरू होण्यास दोन वर्षे लागली. उलट फिनलंडमध्ये नागरिकांच्या करावर चालणारी सार्वजनिक प्रसारणसंस्था आहे आणि मजकूर पारखण्याचे शिक्षण शाळेतच मिळते. महाजालावर काही संशयास्पद दिसले, तर ताडून पाहण्यासाठी तेथील नागरिकाजवळ एक माप आहे. ज्याच्याजवळ ते नाही, तो एक तर काहीच मानीत नाही, किंवा काहीही मानतो.

हे माप सरकारच्या हाती द्यावे काय? एप्रिल २०२३ च्या नियमान्वये, केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरविण्याचा अधिकार केंद्रानेच नेमावयाच्या कक्षाला देण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम रद्दबातल ठरविला. १९७५ ची सेन्सॉरशिप ज्यांना आठवते, त्यांना या निर्णयाचे मोल सांगावयास नको. मग कंपन्यांच्या हाती द्यावे? जितका क्षोभ तितकी गर्दी, आणि जितकी गर्दी तितकी जाहिरात, हा ज्यांचा हिशेब, त्यांच्याकडून संयमाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल.

तेव्हा हे माप लोकांच्याच हाती आले पाहिजे. त्यासाठी शाळेत पारखीचे शिक्षण आणि सरकारी दडपणापासून खरोखर मुक्त असे सार्वजनिक प्रसारण, या मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. परंतु कायदे होईपर्यंत अफवा थांबणार नाही. भटक्यांच्या पालावर आणि गावच्या चावडीवर, दोन्हीकडे ज्याचा शब्द मानला जातो, असा कार्यकर्ता गावोगाव उभा करणे, हे आपले आजचे काम आहे.