शहराचा कचरा आणि त्याचे मोल

‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द अलीकडे नगरनियोजनाच्या चर्चेत वारंवार कानी पडतो. शब्द नवा असला तरी कल्पना आपणांस परकी नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि दारोदार हिंडणारा रद्दीवाला हे तिचेच वाहक होत. वापरलेल्या वस्तूतील द्रव्य वाया न घालविता पुन्हा उपयोगात आणावयाचे, एवढाच तिचा अर्थ.

आपल्या इंदूरचेच उदाहरण घ्या. देवगुराडिया येथे 19 फेब्रुवारी 2022 रोजी ज्या वायुप्रकल्पाचे उद्घाटन झाले, त्याची क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा पचविण्याची आहे. बंद टाक्यांत हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे-खरकटे यांचे विघटन करतात. त्यातून निघणारा वायू शुद्ध केला की मुख्यत्वे मिथेन उरतो व तो वाहनांचे इंधन होतो. मागे राहिलेल्या चोथ्याचे खत बनते. यंत्रसामग्री मोठी आहे खरी. परंतु माझ्या मते या यशाचे मूळ यंत्रात नाही, घराच्या उंबरठ्यावर आहे. ओल्या कचऱ्यात काच आणि प्लास्टिक मिसळले की यंत्र अडते आणि खत शेतात घालण्याजोगे राहत नाही. इंदूरने आधी घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय लावली आणि मग हा प्रकल्प उभा केला. हा क्रम उलटा करणे म्हणजे विद्यार्थी जमण्यापूर्वीच परीक्षेचा निकाल छापून ठेवण्यासारखे आहे!

सुक्या कचऱ्याची गोष्ट निराळी. तो यंत्रापेक्षा माणसाच्या हातांनीच अधिक चांगला निवडला जातो, आणि ते हात बहुधा गरीब स्त्रियांचे असतात. नगरपालिकेची गाडी दारात येऊन सर्व कचरा उचलू लागली की रस्त्यावर कागद-काच वेचणाऱ्या बाईची मिळकत त्या गाडीतून निघून जाते. शहर स्वच्छ होते आणि तिची चूल विझते. पुण्यात 1993 साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची संघटना स्थापन झाली. पुढे 2008 मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने करार केला. दारोदार कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. घरटी शुल्क आणि विकाऊ मालाचे पैसे त्यांनाच मिळू लागले. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांनीही अशा वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले होते.

तरीही एक गाठ सुटत नाही. वेफर्सचे चकचकीत पाकीट अनेक थरांचे असते; ते थर सहजी सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला त्याला हात लावीत नाही. 2016 च्या प्लास्टिक नियमांनी अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. परंतु विक्रीमूल्य नसलेले ते पाकीट वेचणाऱ्या बाईलाही उचलून वेगळे करावेच लागते. त्या श्रमाची मजुरी उत्पादकाकडून वसूल होऊन तिच्या हाती पडावी, अशी स्पष्ट तरतूद प्रत्येक शहराने आपल्या करारात केली पाहिजे.