टाय घातला म्हणजे शाळा झाली का?

आजचा एपिसोड ताईच्या एका फोनमुळे करतोय. ताई सेलू तालुक्यात राहते, तिची पोरगी सव्वातीन वर्षांची. गल्लीतली लेकरं कॉन्व्हेंटला जातात. आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्या वर्ध्याकडे टाय घातला आणि ऑटोत कोंबलं की झालं कॉन्व्हेंट! ताई म्हणाली, "अंगणवाडीत नुसतं खेळवतात अन् खिचडी देतात. माझी पोरगी मागं पडंल नं रे?"

गंमत बघा, या वयाच्या पोरांचा विचार आपल्याच जिल्ह्यात खूप आधी झालाय. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. त्यातून झाकीर हुसेन समितीनं जी योजना आखली, ती 7 ते 14 वर्षांच्या मुलांची. त्याआधीचं लेकरू त्यात नव्हतंच. पुढे 1945 साली सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीम जन्मापासून शेवटपर्यंतची मानली गेली, आणि सातच्या आतल्यांसाठी 'पूर्व बुनियादी' आली. शांता नारुळकर यांनी सेवाग्रामात हेच काम केलं, त्यावर पुस्तकही लिहिलं.

या पद्धतीत लेकरं करतात काय? हातपाय धुणं, झाडणं, गाणी, मातीकाम, एकमेकांना वाढणं. वाटेल, यात शिक्षण कुठंय? पण नीट बघा. दहा पोरं बसलीत आणि एक चिमुरडी प्रत्येकापुढे एक-एक ताट ठेवतेय. ते गणित आहे. 'एक ते शंभर' घडाघडा म्हणणाऱ्या पोराला तेवढं जमेलच असं नाही. लोट्यातून पाणी न सांडता ओतताना मनगट आणि बोटं तयार होतात, पेन्सिल त्यानंतर. आणि स्वतःचं ताट शेवटी येईपर्यंत थांबणं? ते तर आपल्याला मोठेपणी रेल्वेच्या रांगेतही जमत नाही.

"हे झालं गांधीबाबाचं, पुरावा काय?" असं कुणी म्हणेल. तर अमेरिकेत, मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात 1962 पासून गरीब घरच्या 123 मुलांचा अभ्यास झाला. 58 जणांना बालशाळा मिळाली, बाकीच्यांना नाही. बुद्ध्यांक चाचणीतली आघाडी काही वर्षांतच विरली. पण चाळिशीपर्यंत माग काढला तेव्हा दिसलं, बालशाळेतले जास्त जण बारावीपर्यंतचं शिक्षण पुरं केलेले, जास्त जण नोकरीत, आणि अटक कमी झालेली. तिथं शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईलाही भेटायच्या, हे मात्र विसरू नका.

म्हणून सगळ्या अंगणवाड्या भारी, असं मी म्हणत नाही. सेविकाताईंच्या मागे वजनं, नोंदी, मोबाइलवरची माहिती, सर्वे, सगळंच असतं. कुठे पोरं नुसती बसून असतात, तसं काही कॉन्व्हेंटात नुसती गिरवत असतात. मी ताईला म्हटलं, दोन्हीकडे अर्धा तास बसून ये. पोरं बोलतात का, की फक्त बाईच बोलते, एवढंच बघ.

ती गेली. अंगणवाडीत त्या दिवशी चिंचोके आणि लाखोळीचे दाणे वेगळे करणं चाललं होतं. परवा ताईचा परत फोन. पोरगी घरी सगळ्यांपुढे एकेक पोळी ठेवत होती, आणि आजोबांनी घाईनं हात पुढे केला तर म्हणाली, "आबा, तुमचा नंबर अजून आला नाही!"