रामघाट आणि रसायनशास्त्राची उजळणी



वाराणसीत मणिकर्णिका आणि पंचगंगा या दोन घाटांच्या दरम्यान रामघाट आहे. काशीच्या या भागात, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या परिसरात, मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या नांदत आली. रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. २०२५ साली या विद्यालयात अहिल्यानगर जिल्ह्यातील देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २००० मंत्रांचे दंडक्रम पारायण पूर्ण केले. दहावीच्या रसायनशास्त्राचा याच्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. हा संबंध विषयाचा नाही. उजळणीच्या रीतीचा आहे.

वेदपाठाच्या परंपरेत संहिता, पद आणि क्रम या पाठांखेरीज जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती सांगितल्या आहेत. क्रमपाठात पहिला व दुसरा शब्द, मग दुसरा व तिसरा, मग तिसरा व चौथा, अशी साखळी गुंफली जाते. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला आणि पुन्हा पहिला-दुसरा असे पुढे-मागे म्हटले जाते. क्रम बदलल्यामुळे केवळ सवयीने जीभ पुढे धावू शकत नाही. प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाशी स्वतंत्रपणे जोडला जातो आणि एखादा निसटला तर तत्काळ लक्षात येते. वेदपठणाची ही परंपरा युनेस्कोने २००३ साली मानवतेचा मौखिक व अमूर्त वारसा म्हणून गौरविली.

पाठांतराने शब्द टिकतो. रसायनशास्त्रात शब्दाबरोबर अर्थही टिकावा लागतो. त्यामुळे ही रीत विज्ञानाच्या अभ्यासाला जशीच्या तशी लागू पडणार नाही. तिच्यातून घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. तेच प्रकरण त्याच क्रमाने पुन्हा वाचणे ही उजळणी नव्हे. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही हेच आढळले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. परंतु आठवड्यानंतर, वाचल्यावर पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणारे विद्यार्थी पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले वाचन ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच समजणे असा विद्यार्थ्याचा समज होतो. प्रश्नपत्रिकेत उदाहरण बदलले की तो समज फसतो.

पाणी ऑक्सिजनचे, तरी मासा गुदमरतो

ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉन्स्टन यांनी रसायनशास्त्र कठीण का वाटते याचे कारण तीन पातळ्यांत मांडले. डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे अणुरेणू आणि कागदावरील संज्ञा व समीकरणे या त्या तीन पातळ्या. शिक्षक एका वाक्यात तिन्हींवरून फिरतो; विद्यार्थी मात्र बहुधा तिसरीवरच अडकतो. रामघाटाची शेवटची पायरी या तिन्ही पातळ्या एकत्र पाहण्यासाठी उत्तम जागा आहे.

वजनाने पाहिले तर पाण्यात १८ भागांपैकी १६ भाग, म्हणजे सुमारे ८९ टक्के, ऑक्सिजन असतो. मग प्रदूषित नदीत मासे ऑक्सिजनअभावी का मरतात? पाण्याची व्याख्या बिनचूक लिहिणारे अनेक विद्यार्थी या प्रश्नापाशी थांबतात. उत्तर संयुग आणि मिश्रण यांच्या भेदात आहे. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन हायड्रोजनशी सहसंयुज बंधाने बांधलेला आहे; तो माशाच्या कल्ल्यांना उपलब्ध नाही. मासा घेतो तो पाण्यात विरघळलेला, स्वतंत्र रेणूंच्या रूपातील ऑक्सिजन.

तो किती असतो? एका लिटर पाण्यात ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळला आहे असे धरावे. ऑक्सिजनचे रेणुवस्तुमान ३२, म्हणून ८ मिलिग्रॅम म्हणजे ०.०००२५ मोल. एका लिटर पाण्यात पाणी स्वतः सुमारे ५५.५ मोल असते. भागाकार केला की कळते, पाण्याच्या दोन लाखांहून अधिक रेणूंमागे ऑक्सिजनचा एकच रेणू आहे. नदीचे सारे जलचर जीवन या एका रेणूवर अवलंबून असते. मोल ही संकल्पना ज्याला केवळ सूत्रात भरायची संख्या वाटत होती, त्याला तिचा उपयोग येथे कळतो. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच ॲव्होगॅड्रो अंकावर बेतलेली आहे. ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात इतके कण म्हणजे एक मोल.

येथून पुढची कडी विद्राव्यतेची. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, म्हणून वायूही अधिक विरघळत असावेत असे विद्यार्थी गृहीत धरतात. वस्तुस्थिती उलट आहे. २० अंश सेल्सिअसला हवेशी संतुलित असलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. उन्हाळ्यात नदीची कोंडी वाढते ती यामुळेही.

त्यापुढची कडी ऑक्सिडीकरणाची. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे जीवाणू ऑक्सिडीकरण करतात आणि त्यासाठी हाच विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. या गरजेचे माप म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. स्नानयोग्य पाण्यासाठी देशात ठरविलेल्या निकषांनुसार सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी कमाल ३ मिलिग्रॅम असावी लागते. १९८६ साली वाराणसीतून सुरू झालेली गंगा कृती योजना, २०१४ सालचा नमामि गंगे कार्यक्रम आणि दीनापूर येथे २०१८ साली सुरू झालेला, दररोज १४ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प ही नावे स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी पाठ करतात. अशा प्रकल्पांतील मूळ काम मात्र नववी-दहावीच्या पुस्तकातलेच आहे. सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण नदीत होण्यापूर्वी टाकीत घडवून आणायचे, म्हणजे त्यासाठी नदीचा ऑक्सिजन खर्ची पडत नाही.

अभिक्रिया पुढे आणि मागे

जटापाठाची आठवण करून देणारा एक प्रयोग प्रत्येक शाळेत होतो. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, कारण न विरघळणारे कॅल्शिअम कार्बोनेट तयार होते. बहुतेक वर्गांत प्रयोग येथेच संपतो. वायू आणखी सोडत राहिल्यास दुधाळपणा नाहीसा होतो, कारण कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट बनते. ते द्रावण उकळले की पुन्हा कार्बोनेट खाली बसते. एकाच नळीत अभिक्रिया पुढे जाते आणि मागे येते.

हीच अभिक्रिया डोंगरात घडते. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपते आणि कॅल्शिअम बायकार्बोनेट घेऊन नदीला मिळते. घरात पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर हा त्या अभिक्रियेचा परतीचा प्रवास. अशा दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबणातील सोडिअमची जागा कॅल्शिअम घेतो आणि न विरघळणारा साका तयार होतो. कॅल्शिअमची संयुजा २ असल्याने त्याच्या एका आयनाला साबणाचे दोन ऋण आयन लागतात. समीकरण संतुलित करताना हा दोनाचा सहगुणक कोठून आला हे ज्याला सांगता येते, त्याला तो पाठ करावा लागत नाही.

शब्द एकच, अर्थ दोन

काशीतील मराठी मुलाला आणखी एक अडचण असते. घरी मराठी आणि शाळेत हिंदी पुस्तक. मराठीत आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून पाणी व ‘क्षार’ मिळतो. मीठ हे क्षाराचे उदाहरण. हिंदी पुस्तकात मात्र आम्लारीला ‘क्षारक’, पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला ‘क्षार’ आणि मराठीतील क्षाराला ‘लवण’ म्हणतात. म्हणजे हिंदीतील क्षार तो मराठीतील अल्क. मराठीतील क्षपण हिंदीत ‘अपचयन’ होते आणि ऑक्सिडीकरणाला ‘उपचयन’ हा शब्द येतो. महाराष्ट्रातून हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या परीक्षेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढेही हाच पेच असतो.

अशा वेळी व्याख्येचे शब्द पाठ असलेला विद्यार्थी गोंधळतो. व्याख्येमागील क्रिया जाणणारा गोंधळत नाही. पाण्यात हायड्रोजन आयन देणारे ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देणारे ते अल्क, हे ज्याच्या मनात पक्के आहे तो नाव कोणत्याही भाषेत ओळखतो. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदी वैज्ञानिक परिभाषेचा कोश सिद्ध केला. परिभाषा घडविण्याचे ते काम मोलाचे होते. परंतु संज्ञेला अर्थ प्राप्त करून देण्याचे काम प्रत्येक वर्गात नव्याने करावे लागते.

उजळणीची रीत

या साऱ्यातून उजळणीची एक साधी रीत हाती येते. पहिली पायरी, प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे. मग पुस्तकाशी ताडून पाहावे. जे सुटले तेवढीच खरी उजळणीची सामग्री.

दुसरी पायरी, प्रश्न उलटा करावा. अभिक्रियाकारकांवरून उत्पादित ओळखता आले, तर उत्पादितांवरून अभिक्रियाकारक ओळखावेत. व्याख्येवरून उदाहरण देता आले, तर उदाहरणावरून व्याख्या बांधावी.

तिसरी पायरी, शेजारची प्रकरणे क्रमपाठासारखी दोन-दोन जोडावीत. गंगाजलाचा तांब्याचा गडू हवेत हिरवट होतो, तेथे क्षरण आहे. तो चिंचेने स्वच्छ होतो, तेथे कार्बोनेटची आम्लाशी अभिक्रिया आहे. तांबे हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील आहे, म्हणून चिंचेच्या आम्लाने हिरवा थर जातो आणि धातू शाबूत राहतो, तेथे क्रियाशीलता श्रेणी आहे. एका गडूत तीन प्रकरणे भेटतात.

चौथी पायरी, अंतर ठेवून परतावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तोच विषय नव्या प्रश्नातून घ्यावा आणि चुकांची वेगळी वही ठेवावी. शिक्षकांनीही उत्तर बरोबर आले की पुढे न जाता ‘कशावरून’ हा एक प्रश्न विचारावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घोकंपट्टीऐवजी संकल्पनांच्या आकलनावर भर आहे. वर्गात त्या धोरणाची सुरुवात या एका प्रश्नाने होऊ शकते.

या रीतीत आरंभी वेळ अधिक लागतो आणि चुका अधिक दिसतात. अनेक विद्यार्थी याच टप्प्यावर ती सोडून पुन्हा वाचनाकडे वळतात. परंतु चूक घरी कोऱ्या कागदावर दिसली तर ती दुरुस्त करता येते. परीक्षेच्या सभागृहात दिसली तर तेवढा अवसर नसतो. रामघाटावरील पाठशाळेत शब्द पुढून व मागून म्हणून घेतला जातो, तो निसटला असेल तर तेथेच पकडता यावा म्हणून. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही पुस्तक मिटून स्वतःला एक प्रश्न विचारावा. इतके ऑक्सिजनयुक्त पाणी समोर असताना मासा का गुदमरतो, हे त्याला तिन्ही पातळ्यांवर सांगता आले, तर त्याची उजळणी झाली असे खुशाल समजावे.